चवळीच्या पिशव्या आणि कागदी पैलवान
वाचकांचे प्रश्न : लहान मुलांसाठी थंडीतले जपानी खेळ

मागच्या अंकात जपानमधल्या नववर्षाच्या खेळांची ओळख करून दिली होती. जपानने १८७३ पासून आपलं नववर्ष १ जानेवारीवर आणलं, त्यामुळे ते ऐन थंडीत येतं आणि त्या आठवड्यात पतंग, भोवरे, पत्ते, फळी-फूल असं सगळं कपाटातून बाहेर निघतं. त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक इथे घेतले आहेत. उत्तरांत जिथे वय दिलंय तिथे ते पाळावं. तीन वर्षांचा हात आणि सहा वर्षांचा हात यांत फार फरक असतो, आणि बहुतेक खेळ तिथेच फसतात.

प्रश्न : ओतेदामाच्या पिशव्या मी पाच वर्षांच्या नातीसाठी शिवल्या. आत तांदूळ भरला. पण पिशवी उडवली की हातात थांबत नाही, घसरून खाली पडते. शिवाय टोकाकडून तांदूळ गळतो. माझं काय चुकलं? (एक आजी, मंगळवार पेठ)

आजी, तुम्ही लहानपणी सागरगोटे खेळला असाल तर हा खेळ तुमच्या हातातलाच आहे. ओतेदामाचा एक प्रकार थेट सागरगोट्यांचा : एक पिशवी वर उडवायची, ती खाली येईपर्यंत जमिनीवरच्या एक-एक, मग दोन-दोन गोळा करायच्या. उडवायच्या पिशवीला 'ओया' म्हणतात, म्हणजे आई-बाप. दुसऱ्या प्रकारात पिशव्या नुसत्या हवेत फिरवतात. दोन्हींत पिशवी तळव्यावर पडली की तिथेच बसली पाहिजे. ती बसत नसेल तर बहुतेक वेळा ती गच्च भरलेली असते. गच्च पिशवी चेंडूसारखी उसळते. सैल पिशवी तळव्यावर पसरते, आतले दाणे एकमेकांवर घासतात आणि पडण्याचा जोर तिथेच जिरतो. म्हणून पिशवी दोन तृतीयांशच भरावी. चिमटीत उचलली की ती दोन्ही बाजूंनी लोंबली पाहिजे.

तांदूळ याला फार बारीक. तो शिवणीतून निसटतो आणि आवाजही दबका येतो. जपानमध्ये आझुकी नावाचं लाल कडधान्य भरतात. ते आपल्या मूग, मटकी, चवळीच्याच कुळातलं आहे. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात बारीक लाल चवळी मिळाली तर तीच घ्या, आकाराने ती सर्वांत जवळची आणि हलवल्यावर छान खुळखुळते. मटकीही चालते, मात्र मग शिवण आणखी बारीक हवी.

शिवायला सर्वांत सोपा आकार म्हणजे 'तावारा'. भातपेंढ्याच्या गोणीला जपानीत हा शब्द आहे. मोठ्यांच्या हातासाठी १६ × ११ सेंमी कापड आणि ४० ग्रॅम चवळी. नातीच्या हाताला ४० ग्रॅम जड होईल, तिच्यासाठी १४ × १० सेंमी कापड आणि २५ ग्रॅम घ्या. कापड उलटं ठेवून त्याच्या आखूड कडा एकमेकींवर आणा आणि काठापासून अर्धा सेंमी आत उलट टीप घाला, नळी तयार होईल. एका तोंडाशी, काठापासून एक सेंमी आत, दुहेरी दोऱ्याने गोल धावदोरा घाला. टाके ५ मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत. दोरा ओढून तोंड आवळा, त्याच जागी तीन-चार वेळा आरपार सुई काढून पक्की गाठ मारा. आता नळी सुलट करा, चवळी भरा, दुसऱ्या तोंडाची कड एक सेंमी आत दुमडून तसाच धावदोरा घाला आणि आवळा. तुमची गळती बहुधा इथूनच होती. टाके सेंमीभर लांब असले की आवळल्यावर चुण्या मोठ्या पडतात आणि मध्ये भोक राहतं. करंगळीचं नख त्यात शिरत असेल तर उसवून पुन्हा आवळा. वरून टाका मारून ते भोक बुजत नाही.

कापड साधं सुती हवं. इचलकरंजीची पॉपलीन उत्तम. नायलॉनच्या साडीचा तुकडा दिसायला चकचकीत, पण हातावरून घसरतो. खणाचं कापड फारच देखणं होतं, फक्त त्याचे धागे सुटतात, म्हणून अर्ध्याऐवजी एक सेंमी शिवण सोडा आणि तेवढं कापड वाढवून कापा.

चवळीला भुंगा लागतो, आणि त्याची अंडी बहुतेक वेळा दाण्यावर आधीच असतात. चवळी हवाबंद पिशवीत घालून चार दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतले दाणे खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार दाण्यांवर दमट हवा लागली की पाणी धरतं आणि बुरशी येते. तयार ओतेदामा कधीच धुवू नयेत. मळले तर वरून ओलसर फडक्याने पुसून उन्हात ठेवावेत.

शिकवताना सुरुवात एकाच पिशवीने करा. आधी दोन्ही हातांनी उडवून दोन्ही हातांत झेलणं, मग एका हातातून दुसऱ्या हातात, मग पिशवी हवेत असताना एक टाळी. उडी डोळ्यांच्या उंचीइतकीच. मुलं छतापर्यंत उडवतात आणि मग खेळ पळापळीचा होतो. दोन पिशव्या सहाव्या-सातव्या वर्षी जमायला लागतात, त्याआधी घाई नको. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर पिशव्या खेळून झाल्या की उंच ठेवा. शिवण उसवली तर दाणा नाकात जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : खोक्यावर बोटांनी टकटक करून कागदी सुमो पैलवान लढवायचा खेळ मुलांना फार आवडला, पण आमचे पैलवान उभे राहतात न राहतात तोच दोघेही आडवे. निकालच लागत नाही. (एक वडील, राजारामपुरी)

ज्या गावात शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, तिथल्या मुलांना हा खेळ आवडला नसता तरच नवल! जपानीत त्याला 'तोनतोन-झुमो' म्हणतात. तोनतोन म्हणजे टकटक.

पैलवान दोन कारणांनी कोसळतात : कागद आणि घडी. झेरॉक्सचा कागद चौरस मीटरला ७०-८० ग्रॅमचा असतो, तो पायाशी वाकतो. २५० ग्रॅमच्या आसपासचा हवा, म्हणजे साधारण लग्नपत्रिकेच्या जाडीचा. जुन्या पत्रिका यासाठी अगदी नेमक्या. पत्रिकेचा १० × ८ सेंमी तुकडा घ्या आणि मधोमध घडी घाला, म्हणजे ५ × ८ सेंमी होईल. घडीच्या बाजूला पैलवानाची पाठ येईल असं बाजूने दिसणारं चित्र काढा : पाठ घडीवर, पोट आणि पुढे आलेला हात मोकळ्या कडेकडे, खाली एक जाड पाय. पाऊल किमान ३ सेंमी रुंद ठेवा. दोन्ही थर एकत्र कापा, पण पाठीची घडी निदान ४ सेंमी तरी अखंड राहू द्या. उघडल्यावर पैलवानाला दोन हात, दोन पाय मिळतात आणि वरून पाहिलं तर तो अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा दिसतो. हे पुस्तक ६० अंशांच्या आसपास उघडं हवं. कमी उघडलं तर तो बाजूला कलंडतो, फार उघडलं तर पुढे तोंडघशी पडतो.

मग तळवे तपासा. पैलवान टेबलावर उभा करून डोळा टेबलाच्या पातळीवर आणा. एका पायाखालून उजेड दिसला तर तो पाय लांडा आहे. लांड्या पायाला कागद चिकटवत बसू नका, दुसरा पाय तेवढाच कापा. डोकं मोठं काढायचा मोह मुलांना होतोच. तेव्हा डोकं पैलवानाच्या उंचीच्या पाचव्या भागाइतकं ठेवायला सांगा, नाहीतर वजन वर जातं आणि पहिल्याच टिचकीला खेळ संपतो.

आखाडा म्हणून बुटांचा किंवा मिठाईचा खोका पालथा घाला. आतून तो रिकामाच हवा. भरलेला खोका किंवा थेट टेबल थरथरत नाही. चकचकीत पृष्ठावर पाय घसरतात, म्हणून वर खाकी कागद डकवा आणि १६ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा. सुमोच्या खऱ्या आखाड्याचा व्यास ४.५५ मीटर असतो आणि त्याची कड पेंढ्याच्या गोण्या मातीत अर्ध्या पुरून आखलेली असते. त्या गोण्यांनाही 'तावारा'च म्हणतात, वरच्या पिशवीचा आकार तोच. दोन पैलवान एकमेकांचे हात अडकतील असे समोरासमोर ठेवा. दोन्ही खेळाडूंनी आपल्या बाजूच्या कडेवर दोन-दोन बोटांनीच टकटक करायची. तळहाताने थापटलं की दोघेही उडतात, तुमच्याकडे बहुधा हेच होतंय.

नियम मुलांना नीट समजावा, कारण कोल्हापूरचं मूल 'चीतपट' होण्याची वाट बघत बसतं. सुमोत पाठ टेकावी लागत नाही. पावलांशिवाय अंगाचा कुठलाही भाग जमिनीला लागला किंवा वर्तुळाबाहेर गेला की हार. कागदावरही तेच. दोघे एकत्र पडले तर जो आधी टेकला तो हरला, ते दिसलं नाही तर पुन्हा लढत. मुलांना आपल्या नियमाने खेळायचं असेल तर खुशाल खेळू द्या, कागद तांबड्या रंगाने रंगवा आणि चीतपटीवर निकाल लावा. फक्त लढत सुरू होण्याआधी नियम कुठला ते ठरलेलं असावं.

प्रश्न : आम्ही बालवाडीत ३ फेब्रुवारीला सेत्सुबुन करायचं ठरवलंय. सोयाबीन भाजून मुलांनी राक्षसावर फेकायचे आणि वयाइतके दाणे खायचे, असं वाचलं. मुलं तीन ते पाच वर्षांची. दाणे किती भाजावेत? (एक ताई, कागल)

ताई, खाण्याचा भाग पूर्ण वगळा. भाजलेला सोयाबीन कडक आणि गुळगुळीत असतो. या वयात मुलांच्या मागच्या दाढा पुरत्या कामाला लागलेल्या नसतात, दाणा नीट चावला जात नाही, आणि हसताना-पळताना तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. खुद्द जपानमध्येही सरकारच्या ग्राहक विभागाची सूचना आहे की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे खायला देऊ नयेत. खाऊ द्यायचाच असेल तर मऊ शिजवलेल्या चवळीची कुस्करलेली उसळ द्या, आणि तीही बसून.

फेकण्यासाठीही दाणे नकोत. खाली सांडलेला दाणा मूल उचलून तोंडात घालतंच. जुन्या वर्तमानपत्राचे लिंबाएवढे गोळे करा, वरून रंगीत कागद गुंडाळा, एका मुलाला पाच पुरेत. जपानच्या उत्तरेकडे, होक्काइदोत, सोयाबीनऐवजी टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा फेकतात. आपल्याकडे शेंगा घरोघरी असतात म्हणून हा पर्याय सुचेल, पण तो पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ठेवा. बालवाडीत कागदच.

फेकताना म्हणायचे शब्द : 'ओनि वा सोतो, फुकु वा उचि', म्हणजे राक्षस बाहेर, भाग्य आत. मुलांना अर्थ सांगायला आपली 'इडा पिडा टळो' हातात आहेच. सेत्सुबुन हा जपानी पंचांगातल्या वसंतारंभाच्या आदल्या दिवशी येतो, म्हणून बहुधा ३ फेब्रुवारीला, पण २०२५ मध्ये तो २ तारखेला होता.

राक्षसाचा मुखवटा तोंडावर बांधू नका. तोंड झाकलेलं मूल पळताना धडपडतं, आणि मोठ्या माणसाने मुखवटा घातला की तीन वर्षांची मुलं खरोखर घाबरून रडतात. जपानी बालवाड्यांत मुखवटा कपाळावर पट्टीसारखा बसवतात, तसंच करा. ४ सेंमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी मुलाच्या डोक्याच्या घेरापेक्षा ३ सेंमी लांब कापा, पुढे १५ सेंमी रुंदीचा लाल किंवा निळा चेहरा चिकटवा, वर दोन पिवळी शिंगं, आणि केसांसाठी लोकरीचे तुकडे. मागे रबरबँड लावायचा तर पिनांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून वर चिकटपट्टी मारा. राक्षस म्हणून भिंतीवर एक मोठं खोकं रंगवून ठेवा आणि त्याचं तोंड कापून मोठं भोक करा. गोळे त्यात गेले की राक्षस पळाला. यात कुणा मुलाला राक्षस व्हावं लागत नाही, हे फार बरं.

प्रश्न : वर्गात कागदाचे हिमकण केले. सगळे आठ टोकांचे झाले. चालेल का? आणि कोल्हापुरात बर्फाशी खेळण्यासारखं काही करता येईल का? (एक शिक्षिका, जयसिंगपूर)

शोभेला चालेल, पण मुलांना हिमकण म्हणून दाखवायचा तर सहाच हवेत. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात, म्हणून स्फटिकाला सहा बाजू फुटतात. होक्काइदो विद्यापीठातले उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तो सशाच्या केसावर. हे मुलांना सांगा, त्यांना ससा लक्षात राहतो.

कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा दुमडला की आठ होतात. सहासाठी एक घडी तीन भागांत घालावी लागते. आधी पुठ्ठ्यावर १० सेंमी बाजूचा समभुज त्रिकोण कापून घ्या, त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो आणि तोच तुमचा साचा. १५ सेंमीचा चौकोनी कागद कर्णावर दुमडा. घडीची बाजू खाली ठेवून तिचा मध्य खुणावा. साच्याचा एक कोपरा त्या मध्यावर आणि एक बाजू घडीवर ठेवून उजवीकडे तिरकी रेघ मारा, तसंच डावीकडून. उजवा भाग रेघेवर आत दुमडा, त्यावर डावा भाग. दोन्ही कडा जुळल्या तर घडी बरोबर. वर निघालेले कान आडवे कापून टाका. हे सहा थर झाले. मोठी मुलं हे पुन्हा मधोमध दुमडतात, तेव्हा बारा थर होतात.

बारा थर झेरॉक्सच्या कागदाचे असतील तर मुलांच्या बोथट कात्रीने कापले जात नाहीत, चुरगळतात. पतंगाचा कागद वापरा, संक्रांतीच्या सुमारास तो सगळीकडे मिळतो. चार-पाच वर्षांच्या मुलांना सहाच थर द्या. खालचं टोक म्हणजे हिमकणाचा मध्य, ते जास्त कापलं की मध्ये मोठं भोक. आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कापलं की हिमकण दोन तुकडे होऊन हातात येतो, हे प्रत्येक वर्गात एकदा तरी होतंच. दोन्ही कडांवरून छोटे त्रिकोण काढायचे आणि मध्ये निदान बोटभर कागद शाबूत ठेवायचा.

बर्फाचं म्हणाल तर 'युकी-उसागी', म्हणजे बर्फाचा ससा, सहज होतो. जपानमध्ये ताज्या बर्फाचा लांबट गोळा, दोन पानांचे कान आणि नांतेन झुडपाची लाल फळं डोळ्यांना लावतात. तुम्ही गोळेवाल्याकडचा किसलेला बर्फ आणा, वाटीत दाबून स्टीलच्या ताटात पालथा घाला, पेरूच्या कोवळ्या पानांचे कान आणि डाळिंबाचे दाणे डोळ्यांना. डोळ्यांसाठी गुंजा अजिबात वापरू नका. रंग हुबेहूब जुळतो म्हणून कुणीतरी सुचवतं, पण गुंज विषारी आहे. दुपारच्या उन्हात ससा काही मिनिटांतच वितळू लागतो, म्हणून सकाळी सावलीत करा, आणि बर्फ एका मुलाच्या हातात एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको. हात लाल झाला की कोरड्या टॉवेलमध्ये.

प्रश्न : हानेत्सुकीचं, म्हणजे फळीने फूल उडवायच्या खेळातलं, फूल रिठ्याच्या बीपासून करतात हे खरं का? घरी करता येईल? (गडहिंग्लज)

खरं आहे. जपानी 'मुकुरोजी' आणि आपला रिठा एकाच कुळातले. त्या झाडाचं नाव ज्या चित्राक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ 'मूल आजारी न पडो' असा लागतो, म्हणून नववर्षाला मुलींना फळी आणि फूल भेट देण्याची प्रथा जुनी आहे. रिठे भिजवून केस धुतले की काळी टणक बी उरते, ती फेकू नका. पण तिला भोक पाडणं मोठ्या माणसाचंच काम. बी हातात धरली की निसटते, म्हणून पकडीत कापडाच्या घडीत घट्ट धरून हातड्रिलने २ मिमीचं भोक सुमारे ५ मिमी खोल पाडा, चार छोटी पिसं एकत्र दोऱ्याने बांधून फेविकॉलसकट आत घाला आणि रात्रभर वाळू द्या. पिसं एकाच बाजूला वाकलेली असतील तर फूल गिरक्या घेत तिरकं जातं. तेव्हा पिसं चारी दिशांना बाहेर वळवा.

हे फूल सात वर्षांच्या पुढे. दीड मीटरवरून सुटलेली जड वस्तू अर्ध्या सेकंदात खाली येते, आणि चार वर्षांच्या मुलाला तेवढ्यात फळी पुढे आणता येत नाही. त्याला फुगा द्या. फळी म्हणून पुठ्ठ्याचे तीन थर, मधल्याच्या रेषा आडव्या आणि बाकीच्यांच्या उभ्या, असे चिकटवा. तिन्हींच्या रेषा एकाच दिशेला असतील तर फळी मुठीपाशी मोडते. लांबी २८ सेंमी, त्यातली मूठ ९ सेंमी. फुगा फुटला की त्याचे तुकडे त्याच क्षणी उचला.

प्रश्न : कारुता हा पत्त्यांचा खेळ मराठीत करायचाय. सुरुवात कुठून करावी? (इचलकरंजी)

म्हणींपासून. जपानी 'इरोहा कारुता'तही म्हणीच असतात : ४८ वाचायची पानं, ४८ चित्रांची, चित्राच्या कोपऱ्यात म्हणीचं पहिलं अक्षर. एक जण म्हण वाचतो, बाकीचे ते अक्षर असलेलं चित्र आधी हात मारून घेतात. चुकीच्या पानावर हात पडला तर तो 'ओतेत्सुकी', आणि पुढचा एक डाव गप्प बसायचं. हा नियम पहिल्यापासून ठेवा, नाहीतर मुलं सगळीच पानं थापटतात.

मराठीत अडचण अक्षरांची आहे. 'शितावरून भाताची परीक्षा' घेतली तर चित्रावर 'शि' लिहावं लागतं, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल आधी वेलांटी पाहून गोंधळतं. पहिल्या संचात म्हणीच्या पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं टाळा. ण आणि ळ तर म्हणीच्या सुरुवातीला येतच नाहीत. ही बारा घ्या : अति तिथे माती; आधी पोटोबा मग विठोबा; उथळ पाण्याला खळखळाट फार; एका हाताने टाळी वाजत नाही; कामापुरता मामा; गाढवाला गुळाची चव काय; झाकली मूठ सव्वा लाखाची; थेंबे थेंबे तळे साचे; दुरून डोंगर साजरे; नाचता येईना अंगण वाकडे; पळसाला पाने तीनच; वासरात लंगडी गाय शहाणी. चित्रावर पूर्ण अक्षर मात्रेसकट लिहा, 'का', 'गा', 'थें' असं. पानं ८ × ६ सेंमी, लग्नपत्रिकेच्याच जाडीची, कोपरे गोल कापलेले. टोकदार कोपरा झटापटीत डोळ्याला लागतो. चार खेळाडूंपेक्षा जास्त नकोत, डोकी आपटतात.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाला भोवरा फिरवता येईल का? (उजळाईवाडी)

जाळी गुंडाळून फेकायचा नाही. त्याची आर पायावर येते आणि या वयात फेकीची दिशा हातात नसते. चिमटीने फिरवायचा भोवरा करा : ६ सेंमीची पुठ्ठ्याची तबकडी, मध्ये ६ सेंमी लांबीची टोक बोथट केलेली बांबूची काडी, तबकडीखाली काडी दीड सेंमी. डगमगत असेल तर भोक मध्यावर नाही. फार लवकर पडत असेल तर तबकडी खूप वर आहे, ती खाली सरकवा.

प्रश्न : सकाळची शाळा, मुलं कुडकुडत येतात. मैदानावर पाच-दहा मिनिटांत अंग गरम होईल असा जपानी खेळ? (शिक्षक, पन्हाळा तालुका)

दोन आहेत. 'ओशिकुरा मान्जू' : जमिनीवर फक्कीने दोन मीटरचं वर्तुळ आखा, सहा-सात मुलं पाठीला पाठ लावून हातांत हात अडकवून आत उभी राहतात आणि फक्त पाठीने रेटतात. बाहेर गेला तो बाद. डोक्याने, कोपराने ढकलायचं नाही, आणि पहिली-चौथी एकत्र खेळवायची नाही. खाली माती हवी, फरशी नको.

दुसरा 'दारुमा-सान गा कोरोंदा'. एक मूल भिंतीकडे तोंड करून ते वाक्य म्हणतं, बाकीची मागून पुढे सरकतात, वाक्य संपताच ते वळतं आणि हललेला पकडला जातो. जपानी वाक्यात बरोबर दहा मात्रा आहेत, त्यामुळे ते दहा अंक मोजण्याऐवजीही म्हणतात. आपल्याला दहा अक्षरी वाक्य हवं : 'रंकाळ्यावर म्हैस बसली' मोजून पाहा, दहा भरतात. म्हणणाऱ्याने वेग बदलायचा, कधी रेंगाळत तर कधी एका दमात, खेळाची मजा त्यातच. अंतर बारा-पंधरा पावलं ठेवा. पकडलेली मुलं भिंतीपाशी हाताला हात धरून साखळी करतात, आणि कुणी न हलता पोहोचून साखळी हाताने तोडली की सगळी सुटून पळतात. तेव्हा भिंतीकडचं मूल 'थांब' ओरडतं, सगळी जागीच थिजतात, आणि ते ठरलेली पावलं टाकून जवळच्याला शिवतं. किती पावलं ते आधी ठरवा. लहान वर्गाला पाच ठीक, मोठ्यांना तीन.